पत्र्यावरची चार बोटं

घरी तिला ‘चौकशी-खिडकी’ म्हणत. पंख्याला पाती तीनच का, इथपासून सुरुवात झाली की समोरचा हात जोडेपर्यंत ती थांबत नसे. वडील लोखंडी पत्र्याची कपाटं बनवणारे. हलक्या बांधणीच्या अभियांत्रिकीत मास्टर्स करायला ती परदेशी निघाली तेव्हा ते म्हणाले, “आम्ही जन्मभर भरभक्कम करायला शिकलो, आणि तू हलकं करायला शिकायला एवढ्या लांब चाललीस!”

पहिल्याच सत्रात प्रत्येकाला एक पट्टी बनवायची होती. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी, सगळं डिंकानं चिकटवून गरम दाबयंत्रात ठेवायचं. पट्टी पुठ्ठ्यासारखी हलकी, पण दोन टेकूंवर ठेवून माणूस वर उभा राहिला तरी तिनं हूं की चूं करू नये, अशी अपेक्षा.

बाकीच्यांच्या पट्ट्या टिकल्या. हिची निम्म्या भारालाच ‘टक्’ करून सुटली. वरचा पत्रा साल निघावी तसा निघाला.

“होतं असं,” कार्यशाळेचे मिस्त्री म्हणाले. “डिंक दगा देतो. टाक ती, दुसरी कर.”

“पण डिंक तर सगळ्यांना एकाच डब्यातला होता. मग माझीच का सुटली?”

“हे विचारत बसलीस तर म्हातारी होशील इथंच.”

तिनं ‘बरं’ म्हटलं, पण मिस्त्री वळताच कचऱ्याच्या डब्यातून तुकडे काढून पिशवीत टाकले. दोन दिवस ते खोलीच्या खिडकीत पडून होते. येता-जाता ती बघायची. पत्र्यावर डिंक सगळीकडे होता, फक्त मधोमध चार तिरपे पट्टे कोरे, लखलखीत. तिसऱ्या दिवशी सहज पत्रा उचलायला हात पुढे केला, आणि चार बोटं बरोब्बर त्या चार पट्ट्यांवर बसली.

पत्रा स्वच्छ पुसून झाल्यावर, चिकटवण्याआधी, तिनं त्यावरून हात फिरवला होता. बाबा फिरवतात तसाच. खडबड राहिली नाही ना, हे बोटांनीच कळतं, असं ते म्हणत. लहानपणापासून दुकानात बसून ही सवय तिला कधी लागली, तिचं तिलाही कळलं नव्हतं.

ती धावतच मिस्त्र्यांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हात तर मीही फिरवतो.”

“म्हणून तर बघू या ना!”

सहा पट्ट्या केल्या. तीन पत्र्यांवर हात फिरवला, तिनांवर नाही. कुठल्या कुठल्या, ते फक्त प्राध्यापक बाईंच्या वहीत. तीन निम्म्यातच सुटल्या, तीन पूर्ण भार खाऊन उभ्या. बाईंनी वही उघडून दाखवली: सुटलेल्या तिन्ही हात फिरवलेल्या. मिस्त्र्यांनी कपाळावर हात मारला. “दर वर्षी एक-दोन पट्ट्या अशाच जायच्या. वीस वर्षं मी त्या डिंकवाल्याला शिव्या घालतोय!”

त्या रविवारी तिनं घरी फोन करून सगळं सांगितलं. वडील म्हणाले, “म्हणजे खोट माझ्या हातात होय?”

“खोट कसली, बाबा? घाम आणि तेलकटपणा. सगळ्यांच्याच हाताला असतो.”

“असेल. पण हात लावायचाच नाही, तर पत्रा गुळगुळीत झालाय हे कळायचं कसं?”

दुसऱ्या दिवशी चौकशी-खिडकीनं तोच प्रश्न बाईंना विचारला. बाई म्हणाल्या, “प्रबंधाला विषय मिळाला तुला.”

त्यात आठ महिने गेले. सुती हातमोजे घातले तर धागे चिकटत. रबरी घातले तर बोटं आंधळी होत. शेवटी तिनं पत्र्याच्या कडेला, अगदी खाली, एक दिवा आडवा ठेवला. मोहरीच्या निम्म्याएवढ्या उंचवट्याचीही लांबच लांब सावली पडली. मिस्त्र्यांनी तो दिवा टेबलाला कायमचा ठोकून टाकला.

तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, “आता काय राहिलं?”

“तीन गोष्टी अजून कळलेल्या नाहीत,” ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. परीक्षा ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त चालली, आणि तो पाऊण तास बहुतेक प्रश्न तीच विचारत होती.