माझ्या दिरानं कोर्स निवडला

इलेक्ट्रिशियनचा कोर्स निवडायला माझ्या धाकट्या दिराइतका वेळ अख्ख्या पारनेर तालुक्यात कुणी लावला नसेल. एवढ्या वेळात लोक लग्न करतात, पोरं होतात, भांडून वेगळेही निघतात. मी या घरात आले तेव्हा तो चड्डीवर हिंडत होता, म्हणून मी त्याला अरेतुरे करते.

सुप्याला कारखाने यायला लागले तेव्हा आमचं सगळं रान त्यात गेलं. बदल्यात एका कारखान्याचा कागद आला. घरटी एक नोकरी, पण इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट हवं, आणि तेही दिवाळीच्या आत. माझे मालक आधीच गेले होते, मूलबाळ नाही, तेव्हा नोकरी दिराच्या नावाची. रान गेल्यापासून मी दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपायला जात होते. त्याला नोकरी लागली की माझं खुरपं सुटणार होतं. एवढी साधी गोष्ट.

पण दीर साधा नव्हता. चप्पल घ्यायला गेला तर आधी दुकानदाराच्या पायातली बघायचा. एसटीत चढण्याआधी तिच्याभोवती फेरी मारून चाकं बघायचा, आणि तोवर जागा जायची, मग नगरपर्यंत उभा. खिशाला लोक पेन लावतात, हा टेस्टर लावायचा. दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी कप हातात घेऊन भिंतीवरच्या बोर्डाकडेच बघत बसायचा.

नगरच्या पहिल्या क्लासात तीन महिन्यांत सर्टिफिकेट मिळत होतं. यानं नाव घालण्याआधी तिथल्या सरांना विचारलं, तुमची अर्थिंग कुठं आहे. चुकार वीज माणसाच्या अंगात न जाता जमिनीत जावी म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घालून तार पुरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. सरांनी शिपायाला विचारलं, शिपायानं लिंबाच्या झाडाकडे बोट केलं. खड्डा कोरडा ठणठणीत. दीर आल्या पावली परत. दुसऱ्या क्लासातल्या विजेच्या बोर्डाला चिकटपट्टी लावलेली होती. तिसऱ्यात मास्तर वायर दातानं सोलत होते.

"दातानं वायर सोलनारा मला काय शिकवनार, वैनी?"

मी म्हटलं, त्याच दातांनी तो स्वतःच्या कमाईचं खातो. तुला मी घालते.

दर वेळी भाकरी-चटणी बांधून द्यायची, आणि संध्याकाळी कंबर भिंतीला टेकून त्याचा अहवाल ऐकायचा. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. तो तरी थांबायचा नाही.

आषाढ लागला. आता त्या तीन महिन्यांच्या क्लासात बसला तरच दिवाळी गाठता येणार होती. एक दिवस मी रानातून आले, खुरपं त्याच्यापुढं टाकलं आणि सांगितलं, उद्या जाऊन नाव घाल. अर्थिंग कोरडी असो नाहीतर ओली. माझ्यानं आता होत नाही.

त्यानं खुरपं उचलून भिंतीला टेकवलं.

"वैनी, दादाची मोटार जोडली त्याच्याकडं बी सर्टिफिकेट हुतं."

माझे मालक विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबायला गेले आणि तिथंच चिकटले. त्यानंतर आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी उठून चहा ठेवला.

आठ दिवसांनी तो राहुरीकडून आला. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी याचा प्रश्न ऐकल्यावर स्वतः नेऊन खड्डा दाखवला होता, आणि खड्डा ओला होता.

"घावला, वैनी."

मी विचारलं, किती दिवसांचा.

"एक वरीस."

दिवाळीला किती महिने राहिलेत ते दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, "जा, नाव घाल."

दिवाळी झाली आणि कारखान्यानं कागद रद्द केला. दुसऱ्या वर्षी त्याचं सर्टिफिकेट आलं. आता तो गावोगाव मोटारी जोडतो. एका मोटारीला अख्खा दिवस लावतो, म्हणून घाईचे लोक दुसऱ्याला बोलावतात. मी पुढं चार वर्षं खुरपत राहिले, गुडघे गेले तेव्हा थांबले. नोकरी गेल्याचं मला वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. पण त्यानं जोडलेल्या मोटारीचं बटण दाबायला गेलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला येतो.