सोमवारच्या वेण्या

शुक्रवारचा मोकळा तास. शिक्षक खोलीत नववीच्या कागदांवर मी डोकं टेकवते, दोनच मिनिटं म्हणून. पंख्याची घरघर लांब जाते आणि हौसामावशी झाडत झाडत आत येतात. आमच्या शाळेच्या शिपाई. दिवाळीत वारल्या. हे मला माहीत आहे, तरी झाडू आला तसे मी पाय वर घेते.

‘कसलं कागुद म्हनायचं हे, बाई?’

‘कुणा मुलाला नैराश्य आहे का, ते शोधायचंय. वर्गात प्रश्न वाचले, होकार असेल त्यानं हात वर करा म्हटलं. एकही हात वर आला नाही. गुणाचा आहे माझा वर्ग.’

मावशी पदर तोंडाला लावून हसतात. ‘भरल्या वर्गात? तुमी केला असता व्हय वर?’

मला राग येतो. मेलेल्या माणसानं तरी जरा मान ठेवून बोलावं.

खोलीला आता भिंती नाहीत. आम्ही शाळेच्या पायरीवर आहोत, पायरीखाली पाणी आहे, आणि मावशी मागे बसून माझा अंबाडा सोडताहेत. मुलींच्या सुटलेल्या रिबिनी त्या अशाच बसवून बांधून द्यायच्या. बोटं गार आहेत.

‘मृणाल खोतच्या वेण्या बघितल्यासा काय?’

‘बघितल्या की. नुसत्या पिंजारलेल्या. काल अर्धा तास वर्गाबाहेर उभी केली. हुशार पोरगी, पण आळस भरलाय अंगात.’

‘आळस न्हवं त्यो. सोमवारी घातल्याल्या वेण्या हायत त्या. पाच दिस सोडल्याच न्हाईत. केसाला फणी लावायला हात उचलंना तिचा, आन् तुमी म्हनतासा हात वर कर.’

मी वळायला बघते, मान वळत नाही. फणी गुंत्यात अडकते. केस वाढत वाढत पाण्यात उतरतात. मावशी फणी ओढतात, पण दुखतं ते मला नाही. खाली पाण्यात कुणी मुलगी कळवळते. मला भीती वाटते.

‘मावशी, अजून वेळ आहे ना?’

‘मला काय इचारता? मी मेल्याली. जित्ती हाय तिला इचारा. एकटीला.’

घंटा होते, मी जागी होते. डाव्या खांद्यावर घट्ट वेणी, पार टोकापर्यंत घातलेली. उजवीकडचे केस मोकळे. खोलीत दुसरं कुणी नाही.

वेणी न सोडताच मी वर्गात जाते. पोरं खुसखुसतात, खुसखुसू देत. मृणालला व्हरांड्याच्या टोकाला नेते.

‘काल तुला बाहेर उभं केलं, चुकलंच माझं. वर्गात विचारलं होतं ते आता फक्त तुला विचारते. गेल्या दोन आठवड्यांत तुला कधी...’

ती माझ्या वेणीकडे बघत राहते.

‘रोज,’ ती म्हणते. माझा प्रश्न अजून पुरा व्हायचा आहे.