माळ संपेपर्यंत

माझ्या बहिणीचा नवरा लिअँडर थीसेन याला मूठमाती देऊन आलो आणि चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि बटाट्याचं सॅलड खाता खाता सगळे एकच म्हणू लागले, काय हौशी माणूस होता. मनात आलं की बायकापोरांना गाडीत घालून निघायचा. ना बेत, ना तयारी. असा बाप मिळायला नशीब लागतं, असंही एक बाई म्हणाली. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि कोट घातला. पोरं गाडीत घातली ती याची हौस. त्यांच्या उलट्या पुसल्या, त्यांना भरवलं, मांडीवर झोपवलं, ते कुणाच्या खात्यावर, हे कुणाला आठवलं नाही. मला आठवतं.

लिअँडर गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. मिनेसोटातल्या आमच्या भागात घर तिथे गोठा, त्यामुळे त्याला सगळे ओळखत आणि सगळ्यांशी त्याचं गोड. परक्या शेतकऱ्याच्या कुंपणाला टेकून तो तासभर गप्पा मारी. घरात मात्र त्याला कशासाठीच थांबवत नसे. सूप निवायला वेळ लागला तरी चिडे, पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधून होईतो गाडीचा भोंगा वाजवत बसे. रस्त्यावर तर त्याचं एकच वेड होतं, न थांबणं. पोराला लघवी लागली तरी तो म्हणे, आत्ता थांबलो तर मागे टाकलेले सगळे ट्रक पुन्हा पुढे जातील. जसे काही ते ट्रक त्याच्याशी शर्यत लावून निघाले होते.

आणि माळ. आम्ही सगळे कॅथलिक, जपमाळ सगळ्यांच्याच घरी व्हायची. लिअँडरची भक्ती मात्र गाडीतच उफाळून येई, कारण गाडीतून कुणाला उठून जाता येत नाही. निघताना एक माळ आणि पेट्रोल भरलं की पुन्हा एक. ती चालू असताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. मी सिस्टरांच्या शाळेत शिकले, प्रार्थनेचं मला वावडं नाही. पण आमच्या सिस्टरही जपात खोकायची परवानगी देत.

एका जुलैत मी माझ्या बहिणीकडे, मार्सेलाकडे, लोणच्याच्या काकड्या भरायला गेले होते. दोन बादल्या काकड्या धुऊन ठेवलेल्या, शेगडीवर बरण्या उकळत होत्या. धाकटी अ‍ॅग्नेस पाळण्यात. कोलेट सात वर्षांची होती, व्हर्जिल चार. दोघं टेबलाखाली शेपूच्या काड्यांशी खेळत होती. इतक्यात लिअँडर एक जुनी स्टेशन वॅगन घेऊन आला. नुकतीच कुणाकडून तरी घेतली होती. लांबलचक गाडी, तिची शेवटची सीट मागच्या काचेकडे तोंड करून बसवलेली. दारातूनच म्हणाला, चला, ब्लॅक हिल्सला, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या डोंगरांत.

मार्सेलाने विचारलं, कधी. तो म्हणाला, आत्ता.

"आणि काकड्यांचं काय?" मी म्हणाले.

"काकड्या कुठे पळून जाताहेत? मदर सुपीरिअर, तूही चल. डोंगरात कोरलेले चार प्रेसिडेंट बघ. तुझ्याइतकेच हसरे आहेत." मदर सुपीरिअर म्हणजे मठातली थोरली सिस्टर; मला तो याच नावाने चिडवी.

त्याने स्वतःच्या हाताने शेगडी बंद केली. मार्सेलाने अ‍ॅग्नेसला उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेसाठी मी गेले, प्रेसिडेंटांसाठी नाही.

पुढे ती दोघं बसली. मधल्या सीटवर मी, मांडीवर अ‍ॅग्नेस. माझ्या पाठीमागे तंबू, उशा, पांघरुणं छताला लागतील अशी कोंबली होती आणि त्यापलीकडे, पाठमोरी, कोलेट आणि व्हर्जिल. ती आम्हाला दिसत नव्हती, फक्त ऐकू यायची.

पहिल्याच माळेत व्हर्जिलला कुरणात गाई दिसल्या आणि तो हंबरायला लागला. लिअँडर जपता जपता थांबला. म्हणाला, माळ चालू असताना जो तोंड उघडेल त्याला रस्त्यात उतरवून देईन, मग चालत या मागून. पोरं गप्प झाली. थोड्या वेळाने पुन्हा गाई आल्या, पुन्हा हंबरणं. या वेळी लिअँडरने गाडी खडीवर घेतली, उतरला, मागचं दार उघडलं आणि व्हर्जिलच्या दंडाला धरलं. मार्सेला म्हणाली, अरे लहान आहे तो. त्याने आणखी क्षणभर तसंच धरून ठेवलं, मग दार आपटून परत येऊन बसला. जिथे सोडला होता त्याच मण्यापासून जप पुढे सुरू केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिझूरी नदी ओलांडल्यावर पेट्रोल भरलं. तिथून पुढे नुसतं गवत आणि ऊन, मैलोन्‌मैल झाड नाही. एकच पंप, त्यामागे एक संडास, आणि काचेच्या पेटीत ठेवलेला एक खडखड्या साप. व्हर्जिल त्या पेटीला नाक लावून उभा होता तेवढं मी पाहिलं. मग अ‍ॅग्नेस रडायला लागली, मी तिला घेऊन गाडीत बसले. लिअँडर भोंगा वाजवत होता. मागचं दार आपटल्याचा आवाज आला. "बसले का सगळे?" असं त्याने विचारलं खरं, पण उत्तर यायच्या आत गाडी हमरस्त्याला लागली होती आणि त्याने छातीवर क्रॉसची खूण करून माळ सुरू केली.

ती माळ अगदी शांततेत झाली. मागून हूं नाही की चूं नाही. मध्ये गाईंचा एक कळप गेला तरी हंबरणं नाही. मार्सेलाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या, बघ, शहाणा झाला. लिअँडरच्या मानेवरही समाधान दिसत होतं. त्याने शेवटचं आमेन म्हटलं, क्रॉस केला, आणि मग मागून उशांवरून कोलेटचा आवाज आला.

"डॅडी, व्हर्जिलला परत कधी घ्यायचं?"

गाडीत कुणालाच पहिल्यांदा अर्थ लागला नाही. मग मार्सेलाला लागला. तिने गुडघे सीटवर टेकून मागे पाहिलं, उशा ओढून काढल्या, आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी तिच्या बाळंतपणातही ऐकला नव्हता.

लिअँडरने गाडी वळवली. ट्रक समोरून येत होते, एकेक ट्रक गेला की गाडी हादरायची. त्या रस्त्याच्या कडेला चार वर्षांचं पोर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. थोडं अंतर गेल्यावर लिअँडर मोठ्याने जपायला लागला, "नमो मरिये, प्रसादपूर्णे..."

"लिअँडर, तोंड बंद ठेव आणि गाडी चालव," मार्सेला म्हणाली. त्यांच्या सगळ्या संसारात मी तिला इतकं स्पष्ट बोलताना एवढंच ऐकलं.

पंप यायच्या बराच आधी तो दिसला. खडीवरून आमच्याच दिशेने चालत येत होता. एका पायात सँडल, दुसरा पाय उघडा. एक ट्रक बाजूने गेला तसा तो वाऱ्याने गवतात बसला आणि उठून पुन्हा चालू लागला. गाडी थांबायच्या आत मार्सेलाने उडी मारली. तो रडत नव्हता. तोंड उन्हाने लाल झालेलं. तिच्या खांद्यावरून त्याने बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी आता नाही बोलणार."

लिअँडरने कपाळ पुसलं. मग कोलेटकडे वळला. तुला जीभ नव्हती का, म्हणाला.

"मला वाटलं तुम्ही त्याला उतरवलंत," ती म्हणाली. "मी बोलले असते तर मलाही."

कुणाही माणसाची मान तिथे खाली गेली असती. लिअँडर हसला. आधी थोडं, मग मांडीवर थाप मारून. पोरगं आपल्या पायांनी प्रेसिडेंटांना भेटायला निघालं होतं, म्हणाला. पुढच्या गावात सगळ्यांना आइस्क्रीम घेऊन दिलं आणि गाडी ब्लॅक हिल्सलाच नेली. घरी आलो तेव्हा दोन्ही बादल्यांवर पांढरी साय आली होती. मी त्या काकड्या डुकरांना घातल्या.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण ती गोष्ट त्याला फार आवडली. लग्न असो, बारसं असो, बिअरचा दुसरा ग्लास झाला की तो ती सांगायचा. त्याच्या गोष्टीत उतरवण्याची धमकी नसे, दंडाला धरणं नसे. त्याच्या गोष्टीत कोलेट अशी देवभोळी, की भाऊ हरवला तरी माळ मोडली नाही. मग तिला हाक मारून उभी करायचा, सांग गं, तू काय म्हणालीस तेव्हा. आणि ती उभी राहून म्हणायची, "डॅडी, व्हर्जिलला परत कधी घ्यायचं?" लोक पोट धरून हसायचे. तिच्या स्वतःच्या लग्नात पांढऱ्या झग्यात तिला उभी केली त्याने. मी एकदा त्याला बाजूला घेऊन बोलले. तो म्हणाला, मदर सुपीरिअर, जरा हसायला शिक. आणि मार्सेला म्हणाली, जाऊ दे गं, जुनं झालं.

त्याला मूठमाती द्यायच्या आदल्या संध्याकाळी, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, शवपेटीसमोर माळ होती. बाहेर बर्फ पडत होता. व्हर्जिल फार्गोहून निघाला होता आणि रस्त्यात अडकला होता. माळ सांगायला आलेले डीकन, म्हणजे पाद्रींचे मदतनीस, म्हणाले, लोकांनाही बर्फातून घरी जायचंय, सुरू करू या. सगळे गुडघ्यांवर बसले. कोलेट पुढच्या रांगेत, तिचे केस आता पांढरे झालेत. पहिले दहा मणी झाले. दुसऱ्या दहातला तिसरा की चौथा मणी असेल, ती उठून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "व्हर्जिल अजून आलेला नाही."

डीकनांनी पुढची ओळ सुरू केली, आवाज थोडा चढवून. ती बसली नाही.

"तो आल्याशिवाय मी पुढे जाऊ देणार नाही."

मागे कुणीतरी हसलं, सवयीनं. त्यांना वाटलं, हा गोष्टीचाच भाग. मग कुणी हसलं नाही. डीकनांनी माळ खाली घेतली. मार्सेला म्हातारी झाली आहे, ऐकू कमी येतं, पण तिने बाकाला धरून स्वतःला वर उचललं आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली. मीही राहिले. गुडघे दुखत होते, तरी. मग एकेक करून बाकीचेही उठले.

बराच वेळ गेला. माणसं घड्याळं बघत होती, पाय बदलत होती. पेटीत लिअँडर सूट घालून पडला होता, हातात माळ गुंडाळलेली, आणि थांबला होता. मला ते बघायला बरं वाटत होतं. शेवटी दार उघडलं, थंडी आत आली, व्हर्जिलने बूट आपटून बर्फ झाडला आणि सगळे उभे का आहेत हे न कळून दारातच थबकला.

कोलेटने सरकून त्याला जागा करून दिली. मग डीकनांना म्हणाली, आता करा सुरू, पहिल्यापासून.