कुत्र्याच्या कमरेचा एक्स-रे

आमच्या नातेवाइकांत माझी एक ओळख आहे. बापाचे गुडघे सोडून कुत्र्याच्या कमरेचा एक्स-रे काढणारा तो हाच. लग्नकार्यात पंगत उठली, पानाचं तबक फिरायला लागलं, की कुणीतरी हे काढतंच. मग नव्या सुनांना, नव्या जावयांना सगळं पहिल्यापासून ऐकवलं जातं. मी खाली बघत सुपारी कातरत बसतो. गप्प बसलं की माणूस पश्चात्तापात आहे असं समोरच्याला वाटतं आणि तो लवकर सोडतो, एवढं मी शिकलोय.

आता पन्नाशी उलटली. वडील गेले, कुत्राही गेला. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. हो, काढला. आधी कुत्र्याचा काढला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढीन.

नावं कुणाचीच सांगणार नाही. कुत्र्याचंही नाही. ते घरातच राहिलेलं बरं.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. गिरगावातली चाळीतली खोली सोडून आम्ही वाशीला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. वडील नुकतेच रिटायर झालेले, मी बँकेत चिकटलेला. आजूबाजूच्या निम्म्या इमारती रिकाम्या, रस्त्यावर दिवे कमी, चोऱ्यांच्या गोष्टी रोज कानावर. त्यामुळे बँकेतल्या एकाने अल्सेशियनच्या मिश्र जातीचं पिल्लू देऊ केलं तेव्हा घरात फार विरोध झाला नाही. मी याला हात लावणार नाही, एवढंच वडील म्हणाले. आईने लावला. तिच्या हातचं खाऊन कुणी बारीक राहिलं तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा. दुधात कुस्करलेली पोळी, वर तूप, दुपारी वरणभात, आणि बिल्डिंगमध्ये कुणाकडे पुरणपोळी झाली की त्याच्या नावाची एक वेगळी. वर्ष-दीड वर्षात तो असा भरला की खाली फिरवायला नेला की लोक थांबून बघत. खात्यापित्या घरचा दिसतो, म्हणत. आई गॅलरीतून ऐकायची आणि खूश व्हायची. मीही व्हायचो.

मग तो मागून बिघडायला लागला. सकाळी उठताना पुढचे पाय टेकायचा आणि मागचं अंग उचलायला वेळ लावायचा. जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचा, सशासारखे. आणि घरात तर पंचाईतच. चाळीतल्या खडबडीत कोब्यावर जन्म काढलेल्या आईला नव्या घरातल्या मोझॅकच्या फरशीचं फार अप्रूप. रोज दोनदा पुसायची, दिवाळीआधी मशीन बोलावून पॉलिश करून घेतलेलं. त्या फरशीवर त्याचे मागचे पाय दोन दिशांना जायचे आणि तो बदकन बसायचा. बसल्यावर आमच्याकडे ओशाळून बघायचा.

मग निदानं सुरू झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंगावरून वारं गेलंय. तळमजल्यावरच्यांनी ठरवलं, पिसाळायला लागलाय, पिसाळलेल्याचे मागचे पायच आधी जातात, आमच्या गावी बघितलंय. खाडीकडच्या गावांत म्हशींना बघणारे एक डॉक्टर यायचे, त्यांना बोलावलं. त्यांनी दारातूनच बघून लकवा सांगितला, एक इंजेक्शन दिलं आणि जाताना हळूच सुचवलं, मोकळं करा त्याला. मी काय केलं तेही सांगतो. वडिलांची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून पोळीत घालून त्याला देत होतो. दोघांचंही दुखणं सांध्याचं, मग गोळी तीच का नको? काही दिवसांनी तो ओकायला लागला. ओकारीत काळपट काहीतरी होतं. ते मी आईच्या नकळत पुसलं.

मामा आले ते चहाचा कप हातात घेऊनच निकाल देऊन मोकळे झाले. एक सुई, की तोही सुटला आणि तुम्हीही सुटलात, म्हणाले, आधी घरातल्या माणसांची दुखणी निस्तरा. हे बोलताना बोट वडिलांच्या गुडघ्यांकडे. वडील खुर्चीत बसून तेल चोळत होते, ते चोळतच राहिले. पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी. बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत, येत्या मीटिंगला विषय घेतोय, पिसाळलेला असला तर कुत्री उचलणारी गाडी बोलवावी लागेल. वर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, सगळं नियमाने होईल.

म्हणजे त्याला नक्की काय झालंय हे मला मीटिंगच्या आत कळायला हवं होतं. नाहीतर तो गेलाच.

मुंबईत जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे निघतो हे बँकेत कळलं. पण न्यायचं कसं? बसमध्ये घेत नाहीत, आणि टॅक्सीवाले कुत्रा दिसला की काच वर करत. शेवटी मार्केटमधून कांदे-बटाटे घेऊन पुलापलीकडे जाणारा एक टेम्पोवाला तयार झाला. जवळच्याच गावचा. "चावनार न्हाय ना?" एवढंच त्याने विचारलं. मागे गोण्यांवर एक माणूस नि एक कुत्रा, त्याहून जास्त जागा नाही, हेही बजावलं.

आदल्या संध्याकाळी मी वडिलांना म्हटलं, तुम्हीही चला, हाडांच्या डॉक्टरला गुडघे दाखवून येऊ.

"मला काय गोणीत घालून नेणार?" वडील म्हणाले. "कांद्याच्या भावात?"

आई हसली आणि विषय संपला. नातेवाइकांना हे माहीत नाही. पण त्यांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट याहून वाईट आहे. मी विचारलं ते अर्ध्या आवाजात. टेम्पोत जागा एकाचीच आहे हे मला ठाऊक होतं, आणि ते नको म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. इतकी वर्षं ते बोचत आलंय. बोचू दे. बोचतं म्हणून मी केलं ते चूक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. वडिलांना तोंड होतं, त्यांना नको म्हणता येत होतं. त्याला काहीच म्हणता येत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी सुईला हात लावला नाही. आधी अंगणात चालवा म्हणाल्या. जाताना मागून बघितलं, येताना समोरून, मग बाजूने. नंतर मागच्या पंजाची बोटं चिमटीत धरून दाबली. त्याने पाय झटकन ओढून घेतला. लकवा असता तर ओढला नसता, म्हणाल्या. मग एकेक सांधा हलवून बघितला. हात कमरेशी पोचल्यावर तो कण्हला. भूल देऊन, पाठीवर झोपवून एक्स-रे काढला आणि फिल्म दिव्यासमोर धरली. शाळेत उखळीचा सांधा शिकलात ना, त्यांनी विचारलं. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत नीट बसायला हवा. याची उखळच उथळ. गोळा बाहेर यायला बघतो, हाड घासत राहतं. हे जन्मापासूनचं आहे. लकवा नाही, आणि पिसाळायचा तर संबंधच नाही.

मग खातो काय, फरशी कसली, जिने किती, औषध काय दिलं, सगळं विचारलं. गोळीचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पोटात जखम केलीत तुम्ही त्याच्या," त्या म्हणाल्या. "माणसाची गोळी परत द्यायची नाही. कधीच."

पोटासाठी वेगळं औषध दिलं. पुरता बरा होणार नाही हे त्यांनी लपवलं नाही. पण वजन उतरवा, पायाखाली घसरू देऊ नका, उड्या बंद, दिवसातून थोडं थोडं चालवा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, म्हणजे बरीच वर्षं स्वतःच्या पायांवर राहील, म्हणाल्या. निघताना हसून सांगितलं, जरा उपाशी ठेवायला शिका त्याला.

घरी येऊन मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. तिथेच चुकलो.

आईच्या लेखी उपाशी ठेवायचं म्हणजे उपास करायचा. तिने मनोभावे धरले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. त्या दिवशी त्याला पोळी बंद, वरणभात बंद. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून तुपात परतलेली. मध्ये रताळ्याचा कीस. मी दिवसभर बँकेत, मला वाटायचं घरी कडक डाएट चाललंय. महिन्याभराने त्याला हातगाडीवर घालून मार्केटात नेलं आणि बटाट्याच्या काट्यावर चढवलं. वजन दवाखान्यात भरलं होतं त्याहून जास्त भरलं. काट्यावरचा हमाल म्हणाला, "सायेब, माल झ्याक भरलाय की."

घरी येऊन आईला विचारलं, याला देतेस काय?

"उपासच केला त्याने," आई शांतपणे म्हणाली. "मी करते तोच."

वडील इतके हसले की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. आयुष्यभर हाच उपास बघतोय, म्हणाले, हिचं वजन कधी उतरलं? आई रडवेली झाली. माझ्या हातचं खाऊन कुणाचं वाईट होतं हे ऐकायचं बाकी होतं, म्हणत स्वयंपाकघरात गेली आणि माझ्याशी बोलेना. मग एका सकाळी तिनेच त्याची थाळी अर्धी भरली. उकडलेला दुधी, चिमूटभर भात, आणि आमच्या घरात कधी न आलेलं अंडं, गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर उकडलेलं. तो रिकामी थाळी चाटत तिच्याकडे बघायचा तेव्हा ती तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळायची. पण वर काही द्यायची नाही. पुरणपोळी घेऊन आलेल्या काकूंनाही तिने दारातून परत पाठवलं.

फरशीचा इलाज मी केला. मार्केटमधून रिकामी गोणपाटं आणली, धुतली, एकाला एक शिवून दारापासून गॅलरीपर्यंत पसरली. मग जिन्यातही, पायऱ्यांवरून एक सलग पट्टा, कडेला गजांना सुतळीने बांधलेला. त्यावर त्याचे पाय रुतायचे. हे घर आहे का गोदाम, वडिलांनी विचारलं. आठवडाभराने बघितलं तर तेही भिंत न धरता त्याच पट्ट्यावरून चालत होते.

कोरम होत नाही म्हणून लांबलेली मीटिंग शेवटी झाली, खाली पार्किंगमध्ये, घडीच्या खुर्च्या टाकून. मी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि गोळा, उखळ सगळं सांगितलं. आमच्या हिचे गुडघे असे धरले तर काय दिसेल, असं एकाने विचारलं आणि हशा झाला. पिसाळला नाही हे मान्य, सेक्रेटरी म्हणाले, पण लंगडं जनावर, जिन्यात गोणपाट, वास, सोसायटीला शोभत नाही. महिन्याच्या आत कुत्रा हलवावा असा ठराव मांडतो. मी खाली बघत फिल्म पाकिटात घालायला लागलो.

मागून वडिलांचा आवाज आला. ते केव्हा उतरले कुणालाच कळलं नव्हतं.

"गाडी बोलवाल तेव्हा मोठी बोलवा. मीही त्याच्याच चालीने उतरलोय."

"काका, तुमची गोष्ट वेगळी," सेक्रेटरी म्हणाले.

"वेगळी कशी? त्याच गोणपाटावरून आलोय. ते काढलंत तर मीही वरच अडकलो."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "कुत्रा इथेच राहणार," मी म्हटलं. "तुम्ही ठराव करा नाहीतर आणखी काही करा." त्या मीटिंगमधलं माझं शेवटचं वाक्य तेच. ठराव मताला टाकलाच नाही. चहा आला आणि लोक पाण्याच्या टाकीवर बोलायला लागले.

पुढे वडिलांच्या गुडघ्यांचाही एक्स-रे निघाला. हाडांच्या डॉक्टरांनी वजन, शेक आणि थोडं चालणं सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, हे आमच्या घरी आधीच चालू आहे. संध्याकाळी दोघं खाली उतरायचे आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे. कोण कुणासाठी थांबतंय हे कळायचं नाही. कुत्रा पुन्हा पळाला नाही. पण म्हातारा होईपर्यंत स्वतःच्या पायांवर चालला.

हे सगळं नंतरचं. मीटिंगनंतर दोनच दिवसांनी जिन्यातला पट्टा गायब झाला. कापलेली सुतळी तेवढी गजांना लटकत होती. मी बँकेतून आलो तर आई पायरीवर बसलेली, मांडीवर नवी गोणपाटं, हातात दाभण. मुद्दाम सगळे ऑफिसमधून परततात ती वेळ धरून. लोक अंग चोरून कडेने वर जात होते. वरच्या पायरीवर कुत्रा बसून बघत होता. तेवढ्यात ब्रीफकेस घेऊन सेक्रेटरी आले.

"काकू, जिना कॉमन आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच कॉमन जागेत बसलेय," आई मान वर न करता म्हणाली. "तुम्ही गोणपाटावर उभे आहात. पाय उचला."

त्यांनी उचलला. तिने सुतळी ओढून गजाला गाठ मारली आणि दाताने तोडली.

"आता दुसरा," ती म्हणाली.