भोंग्यावर सांगितल्याशिवाय

"भोंग्यावर पुकारा केला म्हणजे सगळी मजाच गेली की, ताई! नवरदेवाची गाडी वेशीत आली की आभाळातून एकदम घूंऽऽ करत यायला पाहिजे ड्रोन. पाहुणे बघतच राहिले पाहिजेत."

"पाहुणे बघत राहतील, भाऊ. पण गाव दगडं घेऊन बाहेर पडंल त्याचं काय? सांगितल्याशिवाय मी उडवत न्हाई."

"लग्न माझ्या बहिणीचं हाय का तुमच्या?"

"लग्न तुमच्या बहिणीचं. मशीन माझं."

कल्याणने कपाळावर हात मारून घेतला. मांडववाले बांबू रोवता रोवता थांबले आणि कान टवकारून ऐकू लागले. शहागडच्या अलीकडे, हायवे सोडून आत वळलं की लागणाऱ्या या गावात उद्या तृप्तीचं लग्न होतं, आणि आज सकाळीच तिचा भाऊ आणि ड्रोनवाली यांची मांडवात जुंपली होती.

"मी जालन्याहून दुसरा बोलावतो मंग!"

"बोलवा. तो तरी सांगून उडवतो का, तेवढं इचारा."

ड्रोनवाली म्हणजे मंठ्याची भावना. लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन जागा बघायची हा तिचा शिरस्ता. मांडवावरून गेलेल्या तारा बघायच्या, मोकळं रान कुठल्या अंगाला आहे ते बघायचं, ओढणीचं टोक सोडून वारा कुठून येतोय ते पारखायचं. माणसांच्या डोक्यावरून ती ड्रोन कधी नेत नाही. बाजूच्या रानातून तिरका धरते. मग देवळात नाहीतर विहारात जाऊन भोंग्यावर स्वतःच्या आवाजात सांगते, "उद्या अमक्याच्या घरी लग्न हाय, ड्रोन उडणार हाय, तो लग्नातलाच हाय, कोणी भिऊ नका." बाकीचे नियम ती शिकली होती. हा एक मात्र तिचा स्वतःचा.

तो आला होता तिच्या भावावर बेतलं त्यातून. ज्या वर्षी मराठवाड्यात गावोगावी रात्री आभाळात दिवे दिसायला लागले, चोर ड्रोन पाठवून घरं हेरतात अशी आवई उठली आणि माणसं काठ्या घेऊन जागी राहू लागली, त्या वर्षी तिचा हा भाऊ, फोटोवाला सुमित, ड्रोन घेऊन गोदावरीवरची संध्याकाळ टिपायला एकटाच गेला होता. अंधारून आलं, ड्रोनचा दिवा लुकलुकला, आणि याच गावच्या पोरांनी त्याला धरून बडवलं. "मी फोटोवाला हाय" हे त्याचं म्हणणं कोणाच्या कानापर्यंत गेलंच नाही. अजून त्याच्या डाव्या हाताची मूठ वळत नाही. तो दुकानात बसून अल्बम बनवतो. शेजारी मिक्सर सुरू झाला तरी दचकतो. रिमोट भावनाने उचलला. या गावाची सुपारी आली तेव्हा तिने आधी त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "जा. पण सांगून उडव."

"भांडून घसा सुकला असंल, घ्या चहा," म्हणत कल्याणची आई, नंदाबाई, कपबशा घेऊन आली. "अन् कल्याण, पोरगी बराबर बोलून राह्यली. आपली गिरिजाबाई अजून उशाखाली इळा घेऊन निजती. वस्तीवर एकटी बाई. अचानक डोक्यावर घूं घूं झालं तर जीव जाईल की तिचा."

"दिवसाढवळ्या कोण भेतंय, आई!"

"तू न्हाई भेत, बाबा. तू तर वाघ!" नंदाबाई कौतुकाने भावनाकडे वळली. "तवा गस्तीत हाच पुढं असायचा, माय. एक ड्रोनवाला तर यानं सोताच्या हातानं धरल्ता, नदीकाठी. मशीन दगडावर आपटलं. ते पोरगं पाया पडून राह्यल्तं म्हणं..."

"आई, जुनं कामून काढती?"

भावनाने कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. तिने पायाशी पडलेली निळी बॅग उचलून मांडीवर घेतली.

"ही बॅग होती का त्याच्याजवळ?"

कल्याणने बॅगकडे पाहिलं. पट्टा तुटून पुन्हा शिवलेला, टाके पांढऱ्या दोऱ्याचे.

"तुम्हाला काय ठाव?"

"टाके माझ्या आईनं घातलेत. तो चोर नव्हता, भाऊ. माझा भाऊ होता. सुमित."

"आगं माय!" नंदाबाई उद्गारली.

"अंधार होता, ताई," कल्याण म्हणाला. "सगळं गाव भ्यायलेलं. आम्हाला वाटलं..."

"भ्यायलेलेच होते तुम्ही. मला ठाव हाय. तो बी भ्यायला होता. चुकलं त्याचं बी. कोणाला न सांगता उडवलं त्यानं. भोंग्यावर दोन शब्द गेले असते ना, तर तुम्हीच त्याला बसवून चहा पाजला असता, अन् आमच्या वावराचा बी एक फोटो काढ म्हणले असते."

मांडववाल्यांची ठोकाठोक केव्हाच थांबली होती. आतून तृप्तीच्या मैत्रिणींचं हसणं तेवढं ऐकू येत होतं.

"मी भांडायला आले न्हाई, भाऊ," भावना म्हणाली. "तृप्तीचं लग्न मला चांगलं टिपायचंय. ह्याच गावावरून, सगळ्यांच्या देखत. मंग काय करायचं? सांगायचं का न्हाई भोंग्यावर?"

कल्याणची नजर त्या टाक्यांवरून हलेना. मग त्याने पायात चपला सरकवल्या, मांडवाबाहेर पडला आणि खाली मान घालून मारुतीच्या देवळातल्या भोंग्याकडे चालू लागला.