दोन मिनिटांचा पहारा

टॉप रँक मिळाली त्या दुपारी दुकानात एका बाईनं हिरवा ब्लाउजपीस मागितला असताना मी तिला तीनदा निळा काढून दाखवला. आर्वीत आमचं कापडाचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक विरळ असतं, तेव्हा मी काउंटरखाली मोबाइल धरून खेळायचो. बंदुकांचा ऑनलाइन खेळ. दोघादोघांच्या जोड्या असतात, मैदानाचा घेरा आवळत जातो आणि शेवटी उरेल ती जोडी जिंकते; गुण मात्र ज्याचे त्याला, कोण किती टिकला त्यावर. नावापुढे ते सोनेरी चिन्ह झळकलं तेव्हा वाटलं, आता तरी जिवाला स्वस्थता मिळेल.

कसली स्वस्थता! त्या दिवसापासून बूड टेकेना. तेवढ्या वरच्या रँकला समोरचे नेम चुकवतच नाहीत. सकाळी कमावलेले गुण दुपारपर्यंत हातचे जायचे. बसल्या बसल्या माझा पाय हलत राहायचा, जेवतानासुद्धा. ‘गिऱ्हाईक उभं हाये, अन् तू खाली काय पाहून राह्यला बे?’ वडील खेकसायचे. मी कापड फाडायचो, पण डोकं त्या घेऱ्यातच असायचं.

माझा जोडीदार म्हणजे आंजी गावचा माझा मावसभाऊ. दोघांनी एकाच दिवशी खेळायला सुरुवात केली होती. मी वर पोचलो, तो एक पायरी खाली अडकला. एखादी मॅच चांगली गेली की त्याचंही काम होणार होतं. त्याची शेती, गव्हाला पाणी द्यायचं ओलित सुरू. मोटारीला दिवसाची लाइन, म्हणजे वीज, असली की तो शेतात बसूनच खेळायचा. एक वाफा भरत आला की पाणी पुढच्या वाफ्यात फिरवावं लागतं. मग तो खेळातला आपला माणूस एखाद्या घराच्या कोपऱ्यात लपवायचा, मोबाइल शेताच्या बांधावर, धुऱ्यावर ठेवायचा आणि फावडं उचलता उचलता खेळातल्या माइकवर सांगायचा, ‘दोन मिन्टं पाहजो बे माह्याकडे.’ मी दाराशी पहारा द्यायचो. अर्धा हिवाळा आमचं असंच चाललं होतं.

एकदा तो पाणी फिरवून आला, तर त्याचा माणूस मरून पडला होता.

‘कोनं मारलं बे मले?’

‘तिघं आले एकदम,’ मी म्हणालो. ‘दोघाले पाडलं मी, तिसऱ्यानं तुले टिपलं.’

‘जाऊ दे. तुही रँक त वाचली ना?’

वाचली होती. मी शेवटपर्यंत टिकून दुसरा आलो होतो. त्याचे गुण मात्र कापले गेले आणि तो आणखी खाली घसरला.

पुढे माझेही गुण घसरायला लागले, तेव्हा मी सुधारायचं मनावर घेतलं. हरलेल्या मॅचचे रिप्ले काढून एकेक मरण नीट बघू लागलो. चुका ढिगाने सापडल्या. उघड्यावर बंदूक भरायची खोड, पावलं वाजवत धावणं, एकाच खिडकीतून दोनदा डोकावणं. बघता बघता ती मॅच लागली. रिप्लेत कुणाच्याही नजरेतून बघता येतं. मी भावाची नजर निवडली.

त्याचा माणूस कोपऱ्यात बसलेला. पावलं वाजली. एकच जण आला, एकटा. आणि मी? त्यानं दार ढकलायच्या आतच मी मागच्या खिडकीतून उडी मारून घेऱ्याकडे पळालो होतो. माझी बंदूक भरलेली होती. एकही गोळी सुटली नव्हती. तिघांची गोष्ट मी इतक्या सफाईने सांगितली होती की मलाही ती खरी वाटायला लागली होती. कानशिलं तापली. स्वतःचीच किळस आली.

मी लगेच फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

‘मालूम हाये मले,’ तो म्हणाला. ‘त्याच दिवशी पाह्यला मी रिप्ले.’

‘मंग बोलला काऊन नाई?’

‘काय बोलू? पन त्याच्यानंतर मी तुले कधी दोन मिन्टं पाहजो म्हनलं का?’

नव्हतं म्हटलं. आठ दिवस आम्ही रोज खेळत होतो आणि त्यानं मोबाइल एकदाही खाली ठेवला नव्हता. गडी आता मनापासून खेळतोय, असं वाटून मी उलट खूश होतो.

‘मंग पानी कोन फिरवून राह्यलं?’

‘माय.’

मावशीला आमच्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना गुडघा धरावा लागतो. माझ्यावर दोन मिनिटं भरवसा ठेवता येत नाही म्हणून ती आठ दिवस चिखलात फावडं ओढत होती. आणि रँकसाठी तिला चिखलात उतरवणारा माझा भाऊही माझ्याच माळेचा मणी.

‘येतो का मंग ऑनलाइन?’ त्यानं विचारलं.

‘तू खेळ,’ मी म्हणालो. ‘मावशीले घरी जा म्हन. मी एसटीनं निघतो, पानी मी फिरवतो.’

फोनवर मागे पाण्याच्या मोटारीची घरघर चालू होती.

‘पोचला की सांगजो,’ तो म्हणाला. ‘तोवर राहू दे तिले.’