दहापैकी नऊ

टोरांटोला जायला मी देवासहून विमानतळाकडे निघाले तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातावर दही घालायच्या आधी एक वही ठेवली. धारला जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, दुसरं काय देणार! आत त्यांच्या अक्षरात शब्दांची मुळं होती. स्पेक्ट म्हणजे पाहणं, पोर्ट म्हणजे वाहून नेणं. "रोज इंग्रजीत एक परिच्छेद लिही. मी तपासीन," म्हणाले. आई असती तर रडली असती. नानांनी कॉमा जपून वापरायला सांगितलं.

टोरांटोत शिफ्ट संपली की बसमध्ये परिच्छेद लिहून मी भियाला, माझ्या भावाला, पाठवायची. तो प्रिंट काढायचा, नाना लाल पेनानं तपासायचे आणि भिया फोटो पाठवायचा. कोपऱ्यात दहापैकी मार्क. खुशाली वेगळी कुणी विचारायचं नाही.

पहिल्या हिवाळ्यात माझा धीर सुटला. फोनवर नानांपुढे रडायची माझी टाप नव्हती. हिंदी शाळेत शिकले, मराठी लिहायला हात वळत नाही. मग नेहमीच्या परिच्छेदातच लिहिलं: मी डेस्परेट आहे, एकटी जेवते, नाना, मला परत बोलवा.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. तीन कॉमा नीट जागी बसवलेले. 'डेस्परेट'भोवती गोल, बाजूला मूळ: स्पेर म्हणजे आशा, डी म्हणजे ती गेलेली. मार्क दहापैकी नऊ. इतके कधीच मिळाले नव्हते. हेच उत्तर, परत येऊ नकोस, असं समजून मी तिथेच राहिले. तुम्ही भारतातली मंडळी म्हणता, पोरगी जिद्दीची. कसली जिद्द!

चार वर्षांनी देवासला गेले तेव्हा भियानं सहज सांगितलं. तो कागद नानांनी शेजारीपाजारी दाखवला होता. "पोरीनं काय कल्पनेनं लिहिलंय, अगदी खरं वाटतं," असं म्हणत होते. नानांना विचारायला गेले, तर त्यांनी मलाच विचारलं, आपण कोण. विसर पडायला लागून वर्ष झालं होतं, लाल रेघा तेवढ्या येत होत्या, आणि भियानं मला कळवलं नव्हतं.

माझ्या चुका जिथे कुणी शोधत बसायचं, ते माझं घर होतं. परत जायला आता कुणाची बंदी नाही, पण बोलावणार कोण?

काल टोरांटोहून तोच परिच्छेद पुन्हा पाठवला, एकही कॉमा न देता. भियानं नानांच्या हातात पेन दिलं, समोर बसला. आज फोटो आला. कागदावर लाल रेघ एकही नाही.